शोमरोनी स्त्री

योहानाच्या शुभवर्तमानातील (अध्याय ४) विहिरीवरची स्त्री. ती भर दुपारी पाण्याला येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिला पाच नवरे होते हेही सांगतो, पण तिच्यावर पापाचा शिक्का मारत नाही. घागर तिथेच टाकून ती गावात जाते आणि गाव तिचे ऐकते. तिचा उद्धार तिला बोलायला मिळालेल्या या जागेत आहे. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) तो नेमका ओळखला. लंडनच्या फुलम भागात ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी चाललेले काम पाहून त्या या अध्यायाकडे वळल्या. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनात अशाच स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणल्या.

बायबलही पुरुषांचेच, हा आक्षेप रास्त आहे. दावीद राजा बथशेबेला राजवाड्यात आणवतो तेव्हा तिच्या मनाचा ठाव कुणी घेत नाही. तरीही नाथान संदेष्टा दोष दाविदाच्याच पदरी घालतो, कारण सत्ता त्याच्या हाती होती. रमाबाई दुसऱ्यांनी लावलेल्या अर्थावर विसंबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी त्या अखेरपर्यंत खपल्या.