जमा आणि नावे

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वार्षिक सभा होती. मी तिथला खजिनदार. कवीला खजिनदार कुणी केले, असे आपण विचाराल. दुसरे कोणी तयार नव्हते, एवढेच त्याचे उत्तर. सभेत एक वयस्कर सभासद उठले आणि म्हणाले, ‘‘कीर्दीत कपाटांचे अठरा हजार रुपये दिलेले दिसतात. पण उत्पन्न-खर्च पत्रकात ते खर्चाच्या बाजूला नाहीत. मग गेले कुठे?’’

पत्रक हिशेबनिसांनी तयार केले होते. मी फक्त सही केली होती. मला उत्तर देता येईना. मागून कुणीतरी म्हणाले, ‘‘जाऊ द्या हो, कवी माणूस, हिशेबात कच्चा असायचाच.’’ सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते हसू टोचत राहिले. पैशाचा हिशेब देता न येणे आणि पैसे खाणे, यांत बघणाऱ्याला फारसे अंतर दिसत नाही.

थोरल्या मुलीने माझा चेहरा पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी हिशेबशास्त्राची तोंडओळख करून देणाऱ्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमात माझे नाव घातले. आठ आठवडे, घरबसल्या. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. पंचावन्नाव्या वर्षी कानाला हेडफोन लावून पुन्हा विद्यार्थी झालो. या शाळेत एक सोय फार चांगली. समजले नाही तर मास्तरांना थांबवता येते, मागे नेता येते आणि तेच वाक्य दहादा म्हणायला लावता येते. मास्तर रागावत नाहीत.

पहिल्याच धड्याला मी अडलो. ‘डेबिट डावीकडे, क्रेडिट उजवीकडे,’ असे मास्तर सांगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर अब्बांची लाल कापडी बांधणीची वही येत होती. अब्बांचे बाजारपेठेत आताराचे दुकान होते. त्यांच्या वहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. गिऱ्हाइकाने पैसे आणून दिले की डावीकडे त्याच्या नावाने जमा, उधारीवर माल नेला की उजवीकडे त्याच्या नावे. देशी पद्धत ती अशी. क्रेडिट म्हणजे जमा आणि डेबिट म्हणजे नावे हे कळले, पण बाजू उलट्या. दोन दिवस मी पाने उलटसुलट धरून बसलो. मग या दोन शब्दांच्या मुळाशी जावे असे वाटले. कवीची खोड, दुसरे काय!

दोन्ही शब्द लॅटिनमधून आलेले. डेबिटच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ ‘देणे लागणे’. क्रेडिटच्या मुळाशी जे आहे त्याचा अर्थ ‘विश्वास ठेवणे’. म्हणजे हिशेबाच्या वहीत एका बाजूला ऋण आहे आणि दुसऱ्या बाजूला विश्वास. एवढे कळल्यावर मला त्या धड्यांची गोडी लागली.

ज्याला दुहेरी नोंद म्हणतात, ती पद्धत कुणा एका माणसाने शोधली नाही. इटलीतल्या व्यापाऱ्यांच्या गरजेतून ती घडत गेली. फ्लॉरेन्सच्या फारोल्फी नावाच्या पेढीची फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्समधली खतावणी आज उपलब्ध आहे. ती १२९९-१३०० सालची. दुहेरी नोंदीच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत तिची गणना होते. पेढी एका गावात, मुनीम दुसऱ्या गावात. मालकाला मुनिमाचा चेहरा दिसत नाही, दिसते ती फक्त वही. म्हणून प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा. एका खात्यातून गेले ते दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात आलेच पाहिजे. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चूक आहे, नाहीतर लबाडी.

या पद्धतीवरचे पहिले छापील विवेचन आले १४९४ साली, व्हेनिसमध्ये. लिहिणारा होता लुका पाचोली, फ्रान्सिस्कन पंथाचा साधू आणि गणिताचा शिक्षक. पुढे लिओनार्दो दा विंचीने त्याच्या दुसऱ्या एका ग्रंथासाठी आकृत्या काढून दिल्या. पाचोलीने हा ग्रंथ पंडितांच्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या इटालियन भाषेत लिहिला. त्याने तीन वह्या सांगितल्या. कच्ची वही, रोजची वही आणि खतावणी. आणि वहीचा आरंभ देवाच्या नावाने करा, असेही सांगितले. हे ऐकले आणि मी मास्तरांना थांबवले. अब्बा वहीच्या पहिल्या पानावर ७८६ लिहीत. शेजारचे किराणा दुकानदार ‘श्री’ लिहीत. व्हेनिसचा व्यापारी क्रूस काढी. पैसा मोजायला बसताना माणसाला कुणीतरी वरून बघते आहे असे वाटणे, ही सर्वत्र सारखीच गरज दिसते. कुराणातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार साक्षीदार ठेवून लिहून ठेवण्याविषयी आहे. ती अब्बा अनेकदा सांगत.

आणि पाचोलीची बेरीज ज्या आकड्यांत होते ते आकडे कुणाचे? आपले. भारतातल्या अंकांवर नवव्या शतकात बगदादमध्ये अल ख्वारिझ्मीने लिहिले. पिसाच्या फिबोनाचीला हे अंक भेटले ते उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात, जिथे त्याचे वडील पिसाच्या व्यापाऱ्यांचे काम पाहत. १२०२ साली त्याने त्यांवर ग्रंथ लिहिला. तरी १२९९ साली फ्लॉरेन्समधल्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे नवे आकडे वापरायला बंदी केली. परक्याची वस्तू घरात घ्यायला माणूस असाच बिचकतो आणि मग तिच्याशिवाय त्याचे चालत नाही.

आपल्या मराठीचेही तसेच झाले. हिशेब, जमा, बाकी, वसूल, रक्कम, ऐवज, तारीख हे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आले. फडणीस म्हणजे मूळचा फर्दनवीस, कागदावर हिशेब लिहिणारा. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर दरबारच्या भाषेला आपले रूप दिले. राज्यव्यवहारकोश करून घेतला. हिशेबाचा मुजुमदार अमात्य झाला. दरबारात ते योग्यच होते. बाजाराने मात्र दोन्ही ठेवले. मोडीतल्या वह्या पाहा. ‘जमा’ अरबी आणि त्याच्यासमोर ‘नावे’, संस्कृत नामापासून आलेला अस्सल मराठी. शेकडो वर्षे हे दोन शब्द एकाच पानावर आमनेसामने बसले आहेत. एक पुसला तर दुसऱ्याचा ताळा लागणार नाही. मराठीत कविता लिहिणारा मुसलमान म्हणून मला कधीकधी ‘तुमची भाषा कोणती’ असे विचारतात. आता उत्तरादाखल मी अब्बांची वही दाखवू शकतो.

ती वही मी माळ्यावरून काढली. अभ्यासक्रमाचा सातवा आठवडा चालू होता. विषय होता बुडीत रकमांचा. वसूल होण्याची आशा उरली नाही की ती रक्कम तोट्यात घालून खाते बंद करतात. वहीत माझ्या नावाचे पान निघाले. पहिला कवितासंग्रह छापताना अब्बांनी मला दोन हजार रुपये दिले होते. ती भेट असे मी धरून चाललो होतो. अब्बांनी ते उजवीकडे, माझ्या नावे, लिहिले होते. डावी बाजू कोरी. पुढच्या वहीत ‘मागील बाकी दोन हजार’. त्याच्या पुढच्या वहीतही तेच. असे अकरा वर्षे, शेवटच्या वहीपर्यंत. एकदाही मागितले नाहीत आणि एकदाही बुडीत लिहिले नाहीत.

अभ्यासक्रमाआधी हे पान सापडले असते तर कदाचित मी दुखावलो असतो. बापाने मुलाचे पैसे वहीत मांडावेत? आता मला ते पान वाचता येते. बाकी पुढे ओढणे म्हणजे येईल अशी आशा ठेवणे. बुडीत लिहिणे म्हणजे ती सोडणे.

यंदाच्या वार्षिक सभेत मी स्वतः उभा राहिलो. म्हटले, गेल्या वर्षीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले आहे. ते अठरा हजार खर्च झालेले नाहीत. तेवढी रोकड कमी झाली आणि तेवढ्याच किमतीची कपाटे वाचनालयाच्या मालकीची झाली. म्हणून ते खर्चात नाहीत, ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला आहेत. दरवर्षी घसाऱ्यापुरतीच रक्कम खर्चात येईल. ते वयस्कर सभासद पुढच्याच रांगेत होते. त्यांनी ताळेबंद हातात घेतला, चष्मा वर केला आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा बोटाने तपासल्या. मग म्हणाले, ‘‘जुळतंय.’’

या वेळी कुणी हसले नाही. दुसऱ्या दिवशी मी अब्बांच्या नावाने वाचनालयाला दोन हजार रुपये दिले. पावती मीच फाडली आणि कीर्दीत स्वतःच्या हाताने लिहिले, जमा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)