आजमखान आणि धारूर : रसदीवर ठरलेली एक कारकीर्द

बीड जिल्ह्यातील धारूर हे आज तालुक्याचे गाव असले, तरी सोळाव्या आणि सतराव्या शतकांत दख्खनच्या राजकारणात त्याला जे महत्त्व होते ते बालाघाटाच्या डोंगररांगेवरील त्याच्या जागेमुळे होते. गोदावरीच्या खोऱ्यातून घाट चढून मांजरेकडे आणि तेथून पुढे परांडा, औसा, उदगीर या भागांकडे जाणाऱ्या फौजेला धारूरची दखल घ्यावीच लागे. अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही या दोन्ही सत्तांच्या सीमा याच प्रदेशात एकमेकींना भिडत असल्यामुळे येथील किल्ला ज्याच्या हाती, त्याच्याच हाती आसपासच्या परगण्यांचा महसूल असे. अली आदिलशहाचा सेनापती किश्वरखान याने 1567 च्या सुमारास निजामशाही मुलखात शिरून येथे किल्ला उभारला तो याच हिशेबाने. मात्र दोनच वर्षांत मुर्तझा निजामशहा स्वतः चालून आला, तेव्हा किश्वरखान आपण बांधलेल्या याच किल्ल्यात बाण लागून ठार झाला आणि किल्ला निजामशाहीकडे गेला.

त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी ज्या सेनानीच्या हातून धारूर मोगलांकडे आले, त्याचे मूळ नाव मीर मुहम्मद बाकिर. इराणातील सावा येथील सय्यद घराण्यातला हा गृहस्थ हिंदुस्थानात आला आणि जहांगीरच्या दरबारात इरादतखान या किताबाने चढत गेला. काही काळ तो मीर-ए-सामान, म्हणजे बादशाही कोठारे, कारखाने आणि खासगीचा सारा सरंजाम सांभाळणारा अधिकारी होता. पुढे काश्मीरची सुभेदारी त्याने केली, आणि शाहजहान 1628 मध्ये तख्तावर बसल्यावर साम्राज्याचा जमाखर्च पाहणारे दिवाणाचे पदही काही महिने त्याच्याकडे होते. मोगल राज्यात मुलकी आणि लष्करी अशी नोकरीची वेगळी विभागणी नव्हती. प्रत्येक बड्या अधिकाऱ्याला मनसब, म्हणजे त्याचा दर्जा, वेतन आणि त्याने बाळगावयाच्या स्वारांची संख्या ठरविणारा हुद्दा, दिलेला असे, आणि त्यामुळे आज वह्या तपासणारा माणूस उद्या फौजेच्या आघाडीवर जाऊ शकत असे. आजमखान हा किताब मिळवून दख्खनच्या मोहिमेवर आलेला हा सेनानी अशा रीतीने कोठारांच्या शिस्तीत तयार झालेला होता.

मोहिमेचे निमित्त खानजहान लोदीच्या बंडाचे होते. हा बडा अफगाण सरदार 1629 मध्ये आग्र्याहून निसटून निजामशहाच्या आश्रयाला आला होता, आणि त्याचा बंदोबस्त करण्यासाठी शाहजहान स्वतः 1630 मध्ये बऱ्हाणपुरास येऊन राहिला. आजमखानाने बीडच्या परिसरात खानजहानावर अचानक छापा घातला. त्या लढाईत खानजहानाचा शूर पुतण्या बहादूरखान मारला गेला, आणि स्वतः खानजहान निजामशाहीत टिकाव लागत नाही असे पाहून उत्तरेकडे पळाला. याच काळात लखुजी जाधवरावांच्या निजामशहाच्या दरबारात झालेल्या खुनामुळे दुखावलेले त्यांचे जावई शहाजीराजे भोसले यांनी आजमखानामार्फत बोलणे लावून बादशाही चाकरी पत्करली व पाच हजारांची मनसब स्वीकारली. त्यामुळे मराठ्यांच्या इतिहासातही या सेनानीचे नाव आले आहे.

1630 साली पाऊस गेला आणि दख्खन व गुजरात भीषण दुष्काळात सापडले. धान्य आणि वैरण मिळेनाशी झाली, गावे ओस पडली, आणि माणसांच्या हालअपेष्टांची जी वर्णने अब्दुल हमीद लाहोरी या दरबारी इतिहासकाराच्या ‘बादशाहनामा’ या ग्रंथात आली आहेत, ती आजही वाचवत नाहीत. हजारो घोडी, हत्ती आणि बैल घेऊन फिरणाऱ्या फौजेला अशा वर्षी शत्रूपेक्षा रिकाम्या कोठाराचे भय अधिक असते, आणि दारूगोळा व साठा यांसाठी साऱ्या दख्खनमध्ये नावाजलेले धारूर अशा वेळी नजरेत भरणे स्वाभाविक होते.

किल्ल्याच्या बऱ्याच बाजूंना खोल दऱ्या असून जेथे दरीचे संरक्षण नाही त्या गावाकडील बाजूस खंदक आहे. तटालगत पेठ होती आणि तेथे आठवड्याचा बाजार भरत असे. आजमखानाचा पहिला रोख या पेठेवर होता. मुकर्रबखान व बहलोल या निजामशाही सरदारांची तटाच्या आश्रयाने उभी असलेली फळी हटली, पेठ लुटली गेली, आणि भेदरलेली रयत किल्ल्याच्या खंदकाचा आसरा शोधू लागली. ‘बादशाहनाम्या’तील हकिगतीप्रमाणे याच गडबडीत दगड आणि चुन्याने बुजविलेली एक लहान खिडकी मोगलांच्या लक्षात आली. अशा खिडक्या किंवा दिंडी दरवाजे एरवी गुप्त ये-जा करण्यासाठी ठेवलेले असत आणि वेढ्याच्या काळात बुजवून टाकीत. परंतु बुजविलेली खिडकी अभेद्य तटातील दुबळी जागा ठरते. तेथून वाट काढता येईल हे कळल्यावर हल्ला जोमाने चढविण्यात आला, किल्लेदार सिद्दी सालिम हबशी कैद झाला, आणि जानेवारी 1631 मध्ये धारूर पडले. बादशहाच्या वतीने त्याला फतेहाबाद हे नाव देण्यात आले.

आजमखानाच्या लष्करी कीर्तीचा हा कळस होता, आणि उतारही लगेच सुरू झाला. धारूर घेऊन तो परांड्यावर गेला, पण तेथे तटापेक्षा वैरणीचा अभाव कठीण ठरला. आसपासच्या मुलखात गवताची काडीही मिळेना, जनावरे मरू लागली, आणि वेढा उठवून त्याला पुन्हा धारूरकडेच मागे फिरावे लागले. पुढच्या विजापूर मोहिमेचे नेतृत्व आसफखानाकडे गेले. आजमखान बंगालचा आणि मग 1636 ते 1642 पर्यंत गुजरातचा सुभेदार झाला. तेथे कोळी व काठी टोळ्यांचा बंदोबस्त करीत त्याने ठाणी बांधली, अहमदाबादेत भद्र किल्ल्याजवळ 1637 मध्ये प्रशस्त सराई उभारली, आणि बांधकामाच्या या ध्यासामुळे लोकांनी त्याला ‘उधई’, म्हणजे वाळवी, असे नाव दिले. 1639 मध्ये त्याची कन्या शाहजादा शुजाला दिली गेली. तथापि रयतेवरील कडकपणाच्या तक्रारींमुळे गुजरातची सुभेदारी गेली, आणि 1649 मध्ये जौनपूर येथे त्याचा अंत झाला.

धारूर आणि परांडा यांच्यात अंतर थोडे आणि काळही थोडा. सेनापती तोच आणि फौजही बहुतांशी तीच होती. एके ठिकाणी जय आणि दुसऱ्या ठिकाणी माघार का, याचे उत्तर पराक्रमात शोधण्यापेक्षा वैरणीत आणि कोठारात शोधणे अधिक न्याय्य ठरते. त्याचबरोबर हेही नोंदले पाहिजे की, फौजांना पोसणारे ते धान्य आणि गवत दुष्काळात होरपळणाऱ्या याच मुलखाच्या शेतांतून आणि माळांवरून उचलले जात होते, आणि पेठ लुटली गेली तेव्हा खंदकाकडे धावलेल्या रयतेतील एकाचेही नाव कोणत्याही तवारिखेत आलेले नाही. आजमखानाचा विजय खरा होता, पण त्याची किंमत धारूरच्या लोकांनी चुकती केली, आणि या किल्ल्याचा इतिहास लिहिताना सेनापतीच्या कारकिर्दीइतकेच त्यांनाही स्थान देणे हे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.