रद्दीच्या दुकानातील इतिहास

जुनी पुस्तके चाळण्याच्या आनंदाविषयी बोलावयाचे आहे असे कळताच आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, पण शिरूरला किंवा दौंडला जुन्या पुस्तकांचे दुकान आहे कोठे?" प्रश्न रास्त होता. जुने पुस्तक हवे झाले की दौंडकर आगगाडीने आणि शिरूरकर नगर रस्त्याने पुण्यास जातात व अप्पा बळवंत चौकात उभे राहतात. परंतु त्या चौकाची पहिली पायरी आपल्याच पेठेत आहे. तिला आपण रद्दीचे दुकान म्हणतो, एवढेच.

ग्रंथालयात माणूस काय हवे ते ठरवून जातो. रद्दीच्या ढिगाशी उकिडवे बसणाऱ्याला मात्र काय हवे ते ठाऊकच नसते. गेल्या सालचे पंचांग, पाठ फाटलेली पोथी, सोसायटीचा अहवाल, कोणा मुलीला मिळालेले बक्षिसाचे पुस्तक, सारे एकावर एक. हात काळे होतात, नाकात धूळ जाते. दुकानदार "काय पाहिजे ते सांगा की!" म्हणून दोनदा हटकतो, आणि आपल्याला उत्तर देता येत नाही. ते उत्तर न येण्यातच सारी गंमत आहे.

ही गंमत केवळ रिकामपणची नव्हे. छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद व्हावी असा कायदा आपल्या देशात १८६७ साली झाला. मराठी पुस्तके तर त्यापूर्वी पन्नासाहून अधिक वर्षे छापली जात होती. त्यांतले काय टिकावे हे कोणी ठरविले नव्हते. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या फडताळात जे राहून गेले ते राहिले. दत्तो वामन पोतदारांनी १९२२ साली 'मराठी गद्याचा इंग्रजी अवतार' लिहिला, शंकर गणेश दात्यांनी १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली. असली कामे पुस्तक हाती घेऊन पाहिल्यावाचून होत नाहीत, आणि पुस्तक हाती येण्यापूर्वी ते कोणीतरी टाकावयाचे राहून गेलेले असावे लागते!

या छंदाची ओढ किती असू शकते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकत होते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तेथील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २,००० पुस्तके जमविली, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. त्यांतली सगळी मायदेशी पोचली नाहीत. पुढे १९१७ साली ते लंडनहून परतत असता त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट महायुद्धात बुडाली. बडोद्यास नोकरीवर रुजू होण्याचा खर्च त्यांनी त्या सामानाच्या नुकसानभरपाईतून भागविला.

आपल्या मुलखात कागद पाण्यात नव्हे, आगीत गेला, आणि तोही जाणूनबुजून. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजारच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. हे लोण शिरूर तालुक्यातील गावांतही पसरले. दंगेखोरांना हवे होते ते कर्जरोखे. ते मिळाले की जाळीत. बहुतेक ठिकाणी माणसाच्या जिवाला हात लावला गेला नाही. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले, आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या होळीबद्दल हळहळावे काय? आम्हांस मुळीच हळहळ वाटत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. परंतु ज्यांच्या मानेवर ते रोखे बसले होते त्यांच्यापुढे ती बोलून दाखविण्याचे धैर्य आम्हांला होत नाही. त्यांपैकी पुष्कळांना त्या कागदांवर काय लिहिले आहे ते वाचतादेखील येत नव्हते.

मात्र तेव्हापासून या भागातला जुना हिशेबी कागद दिसला की आमचा हात थांबतो. एकदा शिरूरच्या बाजारी एका ढिगात आम्हांस मोडी वाचनाचे शालेय पुस्तक सापडले. पहिले पान गेलेले, त्यामुळे साल कळत नाही. मलपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या बाजूवर कोणी उधारीचा हिशेब मांडला होता, मोडीतच. ज्वारी, गूळ, मीठ, पुन्हा ज्वारी. अक्षर शिकाऊ, आकडे मात्र पक्के. शाळेत जाणाऱ्या पोराकडून घरच्याने तो लिहून घेतला असावा, असा आमचा तर्क. म्हणजे या घरात तरी सावकाराच्या वहीसमोर ठेवावयास आपली स्वतःची नोंद होती.

दुकानदाराला आम्ही ते पान दाखविले. त्याने मान हलविली, पुस्तक तागडीत टाकले आणि वजनाप्रमाणे पैसे घेतले. शेवटच्या ओळीत 'बाकी' असे लिहिले आहे. पुढची जागा कोरी आहे.