कापसाचा भाव आणि तारेचें वेष्टन

१८७० सालीं वऱ्हाडांतील खामगांवच्या कापूसपेठेला आगगाडी येऊन मिळाली. जलंब स्थानकापासून काढलेल्या या लहानशा फांट्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. त्याच वर्षीं ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड आगबोटीनें मुंबई व एडन यांच्यामध्यें समुद्रतळीं तार टाकली आणि मुंबई लंडनशीं सागरी तारेनें जोडली गेली. पहिली घटना सर्वांच्या डोळ्यांत भरली. दुसरी समुद्राखालीं दडून राहिली.

दूरच्या बातमीची किंमत वऱ्हाडला आधींच कळून चुकली होती. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि अमरावती-अकोल्याकडील कापसाला सोन्याचें मोल आलें. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले आणि मुंबईंतील कित्येक पेढ्या बुडाल्या. विलायतेचा भाव ज्याला आधीं कळे, त्याच्याकडे सौद्याचें पारडें झुके. इराणच्या आखातांतून जाणारी तार त्याच वर्षीं सुरू झाली खरी. पण मार्गांतील ठाण्याठाण्यांवर संदेश पुन्हा लिहिला जाई, त्यांत दिवस मोडत आणि शब्दही बिघडत.

तारेचें सारें सामर्थ्य तांब्यांत आहे असें वाटतें. परंतु खरा पेंच तिच्या वेष्टनाचा होता. खांबांवरच्या तारेला भोंवतालची हवा हेंच वेष्टन पुरतें. समुद्रांत मात्र गटापर्चाचा आश्रय घ्यावा लागला. मलायांतील एका झाडाचा हा चीक ऊन पाण्यांत मऊ होतो, गार होतांच घट्ट होतो आणि खाऱ्या पाण्यांत टिकतो. १८४८ सालीं मायकेल फॅरडेनें त्याच्या विद्युद्रोधक गुणाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें.

पण विद्युद्रोधक पदार्थ केवळ वीज अडवून स्वस्थ बसत नाहीं. निरनिराळे रोधक कमीअधिक विद्युद्भार सांठवून धरतात, हें फॅरडेनेंच दाखविलें होतें. आंत तांबें, बाहेर समुद्राचें पाणी आणि मध्यें गटापर्चा, अशी ही तार म्हणजे शेंकडों कोस लांबीची लेडनची बरणीच झाली. प्रत्येक संकेतानें ती आधीं भरावी, मग रिती व्हावी! लांबी दुप्पट केली तर विलंब चौपट होतो, असा सिद्धांत विल्यम थॉमसननें मांडला. त्याकडे दुर्लक्ष करून १८५८ च्या अटलांटिक तारेवर सुमारें २००० व्होल्टांचा दाब देण्यांत आला. ती कांहीं आठवड्यांतच मुकी झाली. पुढील तारेंत दर सागरी मैलास १०७ पौंडांऐवजीं ३०० पौंड तांबें आणि २६१ ऐवजीं ४०० पौंड गटापर्चा घातला गेला. १८६६ सालीं अटलांटिक तार यशस्वी झाली. मुंबईची तार या महागड्या अनुभवानंतरची.

लिव्हरपूलचा भाव आतां मुंबईमार्गें खामगांवला लवकर पोंचूं लागला. पण पोंचला कोणाला? अडत्याला आणि खरेदीदाराला. बंडी घेऊन आलेल्या कुणब्याच्या कापसाचा सौदा रुमालाखालीं बोटें दाबून होई. त्याला कांहीं संरक्षण मिळावें म्हणून कारंजा येथें १८८६ सालीं नियंत्रित कापूसपेठ निघाली आणि १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला.

गटापर्चाची जागा पुढें पॉलिथिननें घेतली. रोधकाचा प्रश्न मात्र नव्या रूपानें उभा राहिला. तारेंत जो सांठवण्याचा गुण नकोसा होता, तोच ट्रान्झिस्टरांत हवासा झाला. सिलिकॉनवरील ऑक्साइडचा पापुद्रा एका नॅनोमीटरच्या आसपास येतांच त्यांतून वीज गळूं लागली. म्हणून २००७ सालापासून अधिक भार धरणारें हाफ्नियम ऑक्साइड वापरांत आलें. २०११ सालीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें, अभ्रकासारखे पदर सुटणाऱ्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकाच पदरावर त्याचा थर देऊन ट्रान्झिस्टर सिद्ध करण्यांत आला.

आज अकोल्याचा शेतकरी खिशांतील यंत्रावर बाजारभाव पाहूं शकतो. भाव दिसण्याची सोय विज्ञानानें केली आहे. तो पदरांत पडण्यासाठीं कारंज्याच्या पेठेला जें करावें लागलें, तें आजही पेठेंतच करावें लागतें.