फणस खाल्ला तरी ब्रेथ अ‍ॅनालायझर ‘पॉझिटिव्ह’! श्वासाच्या चाचणीवर किती विश्वास ठेवायचा?

जुलै २०२५. केरळच्या सरकारी बस महामंडळाच्या पंदलम डेपोत ड्युटीवर निघण्याआधी चालकांची नेहमीप्रमाणे ब्रेथ अ‍ॅनालायझरने तपासणी झाली आणि काही जण ‘पॉझिटिव्ह’ आले. दारूला हातही लावलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग संशय गेला तो डेपोत वाटून खाल्लेल्या पिकलेल्या फणसावर. खात्री करण्यासाठी आधी ‘निगेटिव्ह’ आलेल्या एका कर्मचाऱ्याने गरे खाल्ले आणि पुन्हा फुंकर मारली. यंत्राने त्यालाही मद्यपी ठरवलं.

सोशल मीडियावर या बातमीने बरंच हसवलं. पण नाकाबंदीत पोलीस तोंडासमोर धरतात ते यंत्रही याच जातीचं असतं. त्यावरचा आकडा लायसन्स, दंड आणि तुरुंगवास ठरवू शकतो. तोच आकडा एखाद्या तळीरामाला गाडीतून वेळीच खाली उतरवतो आणि कुणाचा तरी जीव वाचवतो. म्हणून हे यंत्र कधी बरोबर असतं आणि कधी चुकतं, हे माहीत असायला हवं.

यंत्र नेमकं काय मोजतं?

प्यायलेली दारू रक्तात मिसळते. रक्त फुप्फुसांत पोहोचलं की त्यातला थोडा अल्कोहोल वायुकोशांतल्या हवेत उतरतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. पोलिसांकडच्या हातात मावणाऱ्या यंत्रांमध्ये सहसा ‘फ्युएल सेल’ सेन्सर असतो. त्यातल्या प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर अल्कोहोलची रासायनिक क्रिया होऊन वीज तयार होते. अल्कोहोल जितका जास्त, तितका विद्युतप्रवाह जास्त.

म्हणजे यंत्र रक्त तपासत नाही. ते श्वास मोजतं आणि त्यावरून रक्तातल्या अल्कोहोलचा हिशोब मांडतं. अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी १९५४ मध्ये ‘ब्रेथलायझर’ बनवला, तेव्हापासून या हिशोबावर वाद सुरू आहे.

२१०० चं गणित

२१०० मिलिलिटर उच्छ्वासात जितका अल्कोहोल असतो, तितकाच १ मिलिलिटर रक्तात असतो, असं अमेरिकेसह अनेक ठिकाणी धरलं जातं. ब्रिटनमधल्या कायदेशीर मर्यादा पाहिल्या, तर तिथे हेच प्रमाण जवळपास २३०० पडतं. प्रत्यक्षात ते माणसागणिक बदलतं, एकाच माणसातही वेळेनुसार बदलतं.

एक उदाहरण घेऊ. २१०० च्या हिशोबाने चालणाऱ्या यंत्रावर ३० हा आकडा आला. ज्याचं खरं प्रमाण १८०० आहे, त्याच्या रक्तात प्रत्यक्षात साधारण २६ मिलिग्रॅम अल्कोहोल असेल. ज्याचं २४०० आहे, त्याच्या रक्तात ३४. बहुतेकांचं प्रमाण २१०० च्या वर असतं. त्यामुळे यंत्र अनेकदा रक्तातल्या पातळीपेक्षा थोडा कमीच आकडा दाखवतं, म्हणजे चालकाला फायदा देतं.

आता यंत्रावर १२० आले असं समजा. प्रमाण १८०० धरलं, तरी रक्तातला आकडा १०० च्या पुढेच राहतो. म्हणजे मर्यादेच्या आसपासच्या आकड्याबद्दल शंका घेता येते. चौपट आकड्याबद्दल या कारणाने फारशी घेता येत नाही.

मग फणसाचं काय झालं?

जास्त पिकलेल्या फळात साखर आंबते आणि किंचित अल्कोहोल तयार होतो. तो रक्तात दखल घेण्याइतका जात नाही, पण काही मिनिटं तोंडात रेंगाळतो. यंत्राला तोंडातला अल्कोहोल आणि फुप्फुसांतून आलेला अल्कोहोल यांतला फरक नेहमीच कळत नाही. माउथवॉश, काही कफ सिरप आणि अल्कोहोलमध्ये बनवलेले होमिओपॅथीचे थेंब यांनीही हेच होतं. नुकताच घेतलेला दारूचा घोट किंवा आलेली ढेकर यांनीही आकडा वाढतो.

यावर उपाय सोपा आहे. किमान १५ मिनिटं काहीही खाऊ-पिऊ न देता थांबायचं आणि मग पुन्हा चाचणी घ्यायची. तेवढ्या वेळात तोंडातला अल्कोहोल उडून जातो, रक्तातला मात्र तसाच राहतो.

मधुमेहाचाही मुद्दा नेहमी निघतो. साखर फारच बिघडली तर श्वासात अ‍ॅसिटोन येतो. फ्युएल सेल सेन्सर अ‍ॅसिटोनला सहसा दाद देत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त सेमीकंडक्टर यंत्रांची मात्र फसगत होऊ शकते. अशा यंत्रावर शून्य दिसलं म्हणून गाडी काढणं धोक्याचं आहे.

श्वास घेण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. श्वास रोखून फुंकलं तर आकडा वाढतो, आधी भराभर श्वास घेतले तर कमी होतो. ताप असेल, तर शरीराच्या तापमानातल्या एका अंशाच्या वाढीने आकडा साधारण ७ टक्क्यांनी चढू शकतो. सुपारी, पुदिना किंवा च्युइंगम चघळून काहीच साधत नाही. त्याने वास झाकला जातो, फुप्फुसांतून येणारा अल्कोहोल तसाच राहतो.

निगा राखली नाही तर?

सेन्सर वापरून वापरून कमजोर होतो. त्यामुळे ठरावीक काळाने अल्कोहोलचं प्रमाण माहीत असलेला नमुना देऊन यंत्राचं ‘कॅलिब्रेशन’ करावं लागतं. त्यात हयगय झाली तर काय होतं, हे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात दिसलं. तिथे कॅलिब्रेशनच्या वेळी द्रावणाचं तापमान प्रमाणित थर्मामीटरने तपासण्याची पायरी गाळल्याचा आरोप एका पोलीस अधिकाऱ्यावर झाला. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पायरी पार न पडलेल्या यंत्रांचे निकाल पुरावा म्हणून नाकारले. २० हजारांहून अधिक लोकांच्या चाचण्यांवर त्याचा परिणाम झाला. त्यांतले अनेक जण खरोखरच प्यायलेले असू शकतील, पण कोण, ते सिद्ध करायला तो आकडा आता उपयोगाचा राहिला नाही.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२४ च्या अखेरीस पुराव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ब्रेथ अ‍ॅनालायझरसाठी मसुदा नियम प्रसिद्ध केले. वजनकाट्यासारखीच या यंत्रांचीही दरवर्षी पडताळणी व्हावी, असं त्यात सुचवलं होतं.

थेट रक्तच का तपासू नये?

रक्ताची चाचणी अधिक अचूक असते, पण ती वेळेत आणि नीट झाली तरच. शरीर तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम या वेगाने अल्कोहोल कमी करत असतं. नमुना घ्यायला आठ तास उशीर झाला, तर ८० ते १६० मिलिग्रॅमचा पुरावा नाहीसा होतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे कारच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात अल्पवयीन चालकाच्या रक्ताचा नमुना अपघातानंतर कित्येक तासांनी घेतला गेला. पुढे तो नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. ते आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण रस्त्यावर लगेच घेतलेल्या श्वासाच्या चाचणीचं मोल त्यातून कळतं. तिचा आकडा ढोबळ असला, तरी तो त्या क्षणाचा असतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत तुरुंगवास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत तुरुंगवास, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. श्वासाच्या चाचणीचा निकाल पुरावा म्हणून ग्राह्य धरता येईल, असं कलम २०३ सांगतं.

पण ग्राह्य पुरावा म्हणजे अंतिम पुरावा नव्हे. महाराष्ट्रातल्या एका अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच म्हटलं होतं की, तोंडाला येणारा वास, डगमगती चाल आणि विस्फारलेली बुबुळं एवढ्यावरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही. पाटणा उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, केवळ ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या अहवालावरून बडतर्फ झालेल्या सरकारी कर्मचाऱ्याला दिलासा दिला. आपण औषध घेतलं होतं, असं त्याचं म्हणणं होतं.

याची दुसरी बाजूही आहे. विम्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की, चाचणी झालेली नसली तरी इतर पुराव्यांवरून चालक प्यायलेला होता हे विमा कंपनी सिद्ध करू शकते. म्हणजे चाचणी टळली तरी सुटका होईलच असं नाही.

नाकाबंदीत थांबवलं तर?

फुंकर मारायला नकार देऊ नका. दारूचा संशय असताना नकार दिला, तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. नळीचं तोंड नवं, सीलबंद आहे का ते पाहा. नुकतंच काही खाल्लं असेल, औषध किंवा माउथवॉश घेतलं असेल, तर आधीच सांगा आणि थोड्या वेळाने पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा. निकालाची प्रिंट मागा आणि त्यावरची वेळ तपासा. आकडा मान्य नसेल, तर लगेच रक्ततपासणी मागा. कलम १८५ खाली अटक झाली, तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. ती झाली नाही, तर कोठडीतून सोडावं लागतं.

आणि एका तक्रारीत मात्र यंत्र बहुतेक वेळा बरोबरच असतं. ती म्हणजे, ‘काल रात्री घेतली होती, आता सकाळ झाली.’ रात्री एक वाजता रक्तात १५० मिलिग्रॅम अल्कोहोल असेल आणि तो तासाला १५ च्या वेगाने कमी होत असेल, तर सकाळी सातला ६० उरतो. झोप झालेली असते, आंघोळ झालेली असते, चहाही झालेला असतो. तरीही ती पातळी कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट असते.