स्तनातली गाठ साधी की कर्करोगाची? एमआरआयवरून कसं ओळखतात?

एमआरआयचा रिपोर्ट हातात येतो. शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं 'बायरॅड्स ४'. डॉक्टर भेटणार सोमवारी आणि आज शुक्रवार. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडते.

तर आधी एक गोष्ट स्पष्ट करू. बायरॅड्स ४ म्हणजे चौथ्या स्टेजचा कॅन्सर नव्हे. बायरॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ठरवून दिलेली श्रेणी आहे. २ म्हणजे साधी गाठ. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता फार तर २ टक्के. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. या दोन्हींच्या मधलं सगळं ४ मध्ये येतं. इतकी मोठी रेंज का? ते समजायला एमआरआय नेमकं काय बघतो, हे पाहावं लागेल.

कर्करोगाच्या गाठीला वाढायला भरपूर रक्त लागतं, म्हणून ती स्वतःभोवती नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते. पण घाईघाईत टाकलेल्या पाइपलाइनसारख्या त्या गळक्या असतात. तपासणीत हाताच्या शिरेतून गॅडोलिनियम असलेलं कॉन्ट्रास्ट औषध देतात. औषध देण्याआधी आणि दिल्यावर काही मिनिटं पुन्हा पुन्हा फोटो घेतात. गळक्या रक्तवाहिन्यांमुळे हे औषध गाठीत झटकन शिरतं आणि अनेकदा तितक्याच झटकन बाहेरही पडतं. साध्या गाठीत ते बहुतेक वेळा हळूहळू साचत जातं.

जर्मनीतल्या ख्रिस्तियाने कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशा २६६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोगाच्या १०१ गाठींपैकी ५८ गाठींमध्ये औषध लवकर बाहेर पडलं. साध्या १६५ पैकी १३७ गाठींमध्ये ते साचत राहिलं. पण खरी गोम पुढे आहे. ९ साध्या गाठी कर्करोगासारख्या वागल्या आणि कर्करोगाच्या ९ गाठी साध्यासारख्या!

त्यामुळे रेडिओलॉजिस्ट फक्त औषधाच्या वेगावर भरवसा ठेवत नाहीत. गाठीची कड गुळगुळीत आहे की काटेरी, हे पाहतात. कडेला चकाकणारं कडं आणि आत अंधार दिसला, तर संशय वाढतो. उलट गुळगुळीत गाठीच्या आत बारीक काळ्या रेषा दिसल्या, तर ती फायब्रोअ‍ॅडेनोमा असण्याची शक्यता जास्त. ही तरुण मुलींमध्ये नेहमी आढळणारी, कर्करोग नसलेली गाठ. शिवाय डिफ्युजन नावाच्या तंत्राने पेशींच्या आसपासचं पाणी किती मोकळेपणाने हलतंय, हेही कळतं. कर्करोगात पेशींची इतकी दाटी असते की पाण्याला हलायला जागाच उरत नाही.

आणखी एक घोळ हार्मोन्सचा. पाळीच्या काही दिवसांत निरोगी स्तनातही औषध जास्त शोषलं जातं आणि चित्र गढूळ होतं. म्हणून तातडीचं नसेल, तर पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १४ दिवसांच्या दरम्यानची वेळ देतात. अपॉइंटमेंट घेताना पाळीची तारीख विचारली, तर संकोच करू नका, त्यामागे हेच कारण असतं.

थोडक्यात, एमआरआयच्या नजरेतून कर्करोग सहसा सुटत नाही. पण तो साध्या गाठींवरही बऱ्याचदा बोट ठेवतो. म्हणूनच हाताला गाठ लागली की थेट एमआरआय करत नाहीत. आधी डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी आणि वयानुसार मॅमोग्राफी होते. बीआरसीए जनुकात दोष असेल, या तपासण्यांचे निकाल जुळत नसतील किंवा कर्करोग किती पसरलाय हे बघायचं असेल, तेव्हा एमआरआयचा खरा उपयोग होतो. किडनीचा आजार, पेसमेकर किंवा गरोदरपण असेल, तर आधीच सांगा.

आणि बायरॅड्स ४ आलं तर? बायोप्सी. म्हणजे सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघणं. शेवटचा निकाल तिथेच लागतो. गाठ फक्त एमआरआयमध्येच दिसली असेल, तर त्याच जागेची पुन्हा सोनोग्राफी करतात. सापडली तर सोनोग्राफीत बघत सुई घालतात, नाही सापडली तर एमआरआय मशीनमध्येच बायोप्सी करावी लागते. ही सोय सगळीकडे नसते, त्यामुळे सोमवारी डॉक्टरांना हे नक्की विचारा.