लोखंडी नांगर आणि कुंडलचा माळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दख्खनच्या रानात चालणारा नांगर गावातल्या गावातच घडत असे. बाभळीचे खोड, त्याला जोडलेली लांब हाळीस, हाती धरायचे रुमणे आणि टोकाला लोखंडी फाळ एवढाच त्याचा पसारा होता, आणि त्याची दुरुस्ती सुतार-लोहार बलुत्यावर, म्हणजे सुगीला मिळणाऱ्या धान्याच्या ठरीव वाट्यावर, करीत. हा नांगर जमीन फाडी, पण पलटी करीत नसे; त्यामुळे काळ्या रानात खोल मुळे धरून बसलेली हराळी आणि कुंदा वर्षानुवर्षे हटत नसत. वळणदार पंख्याने ढेकूळ उलथून टाकणारा विलायती लोखंडी नांगर हा त्यावरचा उपाय होता, आणि तो देशी बनावटीत आणणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचे नाव अग्रभागी येते.

या वाटेवर ते एका नकारातूनच आले. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते. पण त्यांना काही रंगांतला भेद नीट कळत नाही, म्हणजे अंशतः रंगांधत्व आहे, हे उघड झाल्यावर रंगकाम सोडणे भाग पडले. रेषा मात्र हातात शाबूत होती, म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. तेथे बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले, जेथे सायकलींच्या दुकानासोबत कडबा कापण्याची यंत्रे आणि पुढे नांगर बनवण्याचे काम सुरू झाले.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना; पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि या विलंबाचे खापर बहुधा तिच्यावरच फोडले जाते. हा निवाडा अर्धाच म्हणावा लागेल. लाकडी नांगर मोडला तर सुतार दाराशी होता; बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग तडकला तर गावचा लोहार तो ठोकून सरळ करू शकत नव्हता, कारण बीड घणाखाली वाकत नाही, फुटते. रोख पैसे मोजून घेतलेले अवजार ऐन नांगरटीत अडले तर काय करायचे, हा प्रश्न अंधश्रद्धेचा नव्हता, हिशेबाचा होता.

नांगराला मागणी येऊ लागली तोच, नव्या वसाहतीच्या आखणीसाठी बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा ३२ एकर माळ आणि भांडवलासाठी कर्ज देऊ केले. हे अधिपती स्वतः चित्रकार होते, हा योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे.

१९१० साली कारखाना ज्या माळावर आला, तेथे निवडुंग आणि नागांचा वावर होता. पाणी, रस्ता, घरे सारेच उभे करायचे होते आणि वसाहत बांधण्याचे काम लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा यांच्याकडे होते. मात्र कुंडल रोड हे रेल्वे स्थानक जवळच होते. कच्चे लोखंड आत आणायला आणि नांगर बाहेर पाठवायला ते हवेच होते. ज्या गावात बिडाचा फाळ दुरुस्त होत नाही तेथे बदली फाळ पोचवण्यालाही त्याचाच आधार होता. पुढे त्या स्थानकालाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.